फेरविचार कुणी करायचा?

लातुरात 'रिव्हिजन' हा शब्द दोन ठिकाणी सारखा कानावर पडतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. उद्योग भवनाच्या आसपास पसरलेल्या ट्यूशन एरियात एप्रिल उजाडला की पोरं एकमेकांना विचारतात, "तुझी कितवी रिव्हिजन चाललीय?" ही रिव्हिजन म्हणजे उजळणी. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात वकील अशिलाला समजावत असतो, "अपील गेलं, आता रिव्हिजन टाकू." ही रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण. उजळणी करणाऱ्या पोराला डोक्यातलं काहीच बदलायचं नसतं, उलट जे आहे ते घट्ट बसवायचं असतं. अशिलाला मात्र कागदावर लिहिलेलं सगळंच बदलून हवं असतं.

घेतलेल्या निर्णयाकडे पुन्हा वळून पाहणं हा माणसाचा जुना उद्योग आहे आणि इंग्रजीत त्यासाठी क्रियापदांचं अख्खं कुटुंब आहे. त्यातलं रोजच्या वापरातलं, अर्जात आणि ईमेलमध्ये सर्रास येणारं क्रियापद म्हणजे 'रीकन्सिडर'. एखादा निर्णय झालेला आहे, मत ठरलेलं आहे, ते बदलण्याची तयारी ठेवून पुन्हा विचार करायचा, हा त्याचा अर्थ. यात दोन अटी दडलेल्या आहेत. आधी निर्णय झालेला हवा आणि तो बदलू शकेल अशी शक्यता हवी. सहा महिने टेबलावर पडून असलेल्या अर्जाबद्दल "रीकन्सिडर करू" असं कुणी साहेब म्हणाले, तर ते इंग्रजीच्या दृष्टीने चूक आहे. पहिला विचारच झालेला नाही, तर फेरविचार कशाचा?

बाकीची भावंडं जवळची असली तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'रिव्ह्यू'मध्ये नुसतं तपासून पाहणं येतं. बदल होईलच असं नाही. पालकमंत्र्यांची आढावा बैठक ही 'रिव्ह्यू मीटिंग' असते, आणि तिच्यात एखाद्या निर्णयाचा फेरविचार झाल्याचं क्वचितच ऐकू येतं. 'रिव्हाइज' म्हटलं की बदल प्रत्यक्ष झालेला असतो. सुधारित वेळापत्रक, सुधारित दर हे सगळे 'रिव्हाइज्ड'. 'रीथिंक'मध्ये मुळापासून नव्याने विचार अपेक्षित असतो. अभ्यासाच्या उजळणीला 'रिव्हाइज' म्हणायची पद्धत ब्रिटिशांकडून आपल्याकडे आली. अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोराने परीक्षेआधी "आय ॲम रिव्हायजिंग" म्हटलं, तर समोरच्याला वाटतं हा काहीतरी खोडून पुन्हा लिहितोय. तिकडे उजळणीलाही 'रिव्ह्यू'च म्हणतात.

मराठी माणसाची एक ठरलेली चूकही इथे सांगायला हवी. आपण अर्जावर फेरविचार करतो, निर्णयाबाबत फेरविचार करतो. म्हणून इंग्रजी लिहितानाही 'रीकन्सिडर'च्या पुढे 'अबाउट' किंवा 'ऑन' चिकटवतो. इंग्रजीत हे क्रियापद थेट कर्म घेतं. 'रीकन्सिडर द डिसिजन', बस्स. 'रीकन्सिडर अगेन' हीदेखील द्विरुक्ती. अर्थात मराठी वर्तमानपत्रांत 'पुन्हा फेरविचार' बिनदिक्कत छापून येतो, तेव्हा इंग्रजीपुरता सोवळेपणा धरण्यात अर्थ नाही.

मात्र 'रीकन्सिडर' हा शब्द एक गोष्ट सांगत नाही: हा दुसरा विचार करायचा कुणी? ज्याने पहिला निर्णय दिला त्याने, की त्याच्या वरच्याने? आणि तेच कागद पुन्हा वाचायचे, की नवीन काही समोर ठेवायचं? गप्पांमध्ये यावाचून काही अडत नाही. कचेरीत, परीक्षेत आणि कोर्टात मात्र सगळं याच दोन प्रश्नांवर येऊन ठेपतं.

मराठवाड्यात कचेरीच्या भाषेचा इतिहास थोडा वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निजामाच्या हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि नांदेडचा, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लातूरचा कारभारही उर्दूत चाले. निकाल देणाऱ्याने आपलाच निकाल पुन्हा पाहण्याला उर्दूत 'नजर-ए-सानी' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ 'दुसरी नजर'. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे शासनव्यवहार मराठीत नेण्यासाठी परिभाषा घडवली गेली. 'दुसरी नजर' जाऊन 'पुनर्विलोकन' आलं आणि त्याच्या शेजारी 'पुनरीक्षण' येऊन बसलं. दोन्ही शब्द संस्कृतातून घडवलेले, दोन्हींचा अर्थ पुन्हा पाहणे. सामान्य माणसाने दोघांत फरक कसा करायचा, हे परिभाषा घडवणाऱ्यांनी त्याच्यावरच सोडलं. नजर-ए-सानी उच्चारायला तरी सोपं होतं.

फरक मात्र खरा आहे, आणि तो जमिनीच्या कागदांत दिसतो. वारसाची किंवा खरेदीची नोंद गावात फेरफार म्हणून लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकतीचे दिवस निघून गेल्यावर एखाद्याला कळतं की सातबाऱ्यावर भावाचं नाव आलं, आपलं राहिलं. तो तहसीलबाहेर बसलेल्या अर्ज लिहून देणाऱ्याकडे जातो. तिथे ठरलेला मजकूर तयारच असतो: 'तरी मेहेरबान साहेबांनी सदर नोंदीचा फेरविचार करून न्याय द्यावा, ही नम्र विनंती.' तिकीट लागतं, आवकचा शिक्का बसतो, पोच मिळते. अर्जदाराला वाटतं काम सुरू झालं.

कायद्याच्या नजरेत या अर्जाला नक्की कुठे बसवायचं, हाच प्रश्न असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६चा. त्यात पुन्हा पाहण्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत. नाव लिहिताना हाताने चूक झाली, क्षेत्राचा आकडा उतरवताना चुकला, तर कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती होते. ही वाट केवळ लिहिण्यातल्या चुकांसाठी आहे, हक्काचा वाद तिच्यातून सोडवता येत नाही. निर्णयच मान्य नसेल, तर कलम २४७ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर त्याला साठ दिवसांची मुदत. कलम २५७ चं पुनरीक्षण म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने खालचं दफ्तर मागवून घेऊन आदेश कायद्याला धरून आहे की नाही, हे तपासणं. आणि कलम २५८ चं पुनर्विलोकन, ज्यात तीच खुर्ची आपला किंवा आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचा आदेश पुन्हा पाहते.

या शेवटच्या वाटेवर कायद्याने पहारा बसवला आहे. त्याच खुर्चीने मत बदलायचं तर कारण हवं: आधी हाती नसलेली नवीन आणि महत्त्वाची बाब किंवा पुरावा, दफ्तरावरून उघड दिसणारी चूक, किंवा तशाच तोलाचं दुसरं पुरेसं कारण. अर्जाला नव्वद दिवसांची मर्यादा आहे, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला स्वतःचा किंवा आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचा कुठलाही आदेश पुन्हा पाहायचा, तर वरून मंजुरीही लागते. 'साहेब, पुन्हा एकदा बघा' यातलं 'बघा' पुरत नाही. काय बघायचं ते दाखवावं लागतं. 'फेरविचार व्हावा' एवढंच लिहिलेला कागद टेबलावर फिरत राहतो आणि तोवर अपिलाचे साठ दिवस सरतात. मग उशीर माफ करा म्हणून आणखी एक अर्ज.

दिवाणी कोर्टातही हीच रीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११४ आणि आदेश ४७ मध्ये रिव्ह्यूची कारणं जवळपास याच शब्दांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचा निकाल पुन्हा पाहण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १३७ ने दिला आहे, पण तिथेही ही याचिका साधारणपणे न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांच्या तोंडी युक्तिवादाशिवाय निकाली निघते. मराठवाड्यातल्या गावोगावच्या लोकांना हे बारकावे कायद्याच्या पुस्तकातून कळले नाहीत, ते मराठा आरक्षणामुळे कळले. ५ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाचा राज्याचा कायदा रद्द केला, एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारची पुनर्विचार याचिका फेटाळली गेली, आणि त्या वर्षीच्या आंदोलनात 'क्युरेटिव्ह' हा शब्द चहाच्या टपरीवर रुळला. क्युरेटिव्ह पिटिशन ही रिव्ह्यूच्याही नंतरची, फारच चिंचोळी वाट. ती संविधानात लिहिलेली नाही, न्यायालयाने २००२ साली एका निकालातून ती स्वतःच आखली. पारावर बसलेला माणूस आज रिव्ह्यू आणि क्युरेटिव्ह यांतला फरक बिनचूक सांगतो. गरज पडली की परिभाषा आपोआप पाठ होते.

क्रिकेटने तर 'रिव्ह्यू' पाचवीतल्या पोराच्याही तोंडी बसवला. त्यात गंमत अशी की निर्णय टीव्हीपुढचा पंच कळवतो, पण तो जाहीर करून आपला आधीचा निर्णय फिरवतो मैदानावरचा पंच स्वतःच. म्हणजे दिसायला तरी हे अपील नाही, पुनर्विलोकन आहे. आणि कारणही कायद्यातलंच: आधी डोळ्यांना न दिसलेला पुरावा कॅमेऱ्याने समोर आणला.

परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत या भागात फेरविचाराचा हंगामच असतो. दहावी-बारावीसाठी लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे लातूर विभागीय मंडळाखाली येतात. निकाल लागला की मुलाला तीन वेगवेगळ्या गोष्टी मागता येतात आणि पालक त्या तिन्हींना सरसकट 'रीचेकिंग' म्हणतात. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. छायाप्रत म्हणजे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. पुनर्मूल्यांकनात उत्तरं नव्याने तपासली जातात, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावी लागते. ज्याला उत्तराला कमी गुण पडल्याची शंका आहे त्याने नुसती गुणपडताळणी मागितली, तर बेरीज बरोबर असल्याचं उत्तर येतं आणि तो बोर्डाला बोल लावतो. चूक बोर्डाची नसते; मागितलं एक आणि हवं होतं दुसरं.

ही सोय आज गृहीत धरली जाते, पण ती सहज मिळालेली नाही. पूर्वी मंडळाच्या विनियमांत उत्तरपत्रिका दाखवायला किंवा पुन्हा तपासायला मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने ते विनियम रद्द ठरवले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८४ साली तिथे मंडळ जिंकलं. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा उघडत बसलं तर निकाल कधीच अंतिम होणार नाही, हा युक्तिवाद मान्य झाला. चक्र उलटं फिरायला २०११ साल यावं लागलं. सीबीएसईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कायद्याखाली 'माहिती' आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते. न्यायालयाने १९८४ चा निकाल चुकीचा ठरवला नाही. दरम्यान २००५ चा माहिती अधिकार कायदा आला होता. पारडं त्याने फिरवलं.

लातूर ज्या परीक्षेवर जगतं, त्या नीटमध्ये पुनर्मूल्यांकन नावाचा प्रकारच नाही. निकालाआधी उत्तरसूची जाहीर होते, प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून हरकत घेता येते, निकालानंतर दार बंद. ज्याला निकाल मान्य नाही त्याने पुन्हा वर्षभर बसायचं. रिपीटरच्या बॅचेस भरतात त्या यामुळेच. २०२४ साली मात्र हे बंद दार किलकिलं झालं. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. आधी वाढीव गुणांचा वाद उठला, ते गुण रद्द झाले आणि १,५६३ जणांना २३ जूनला फेरपरीक्षेची मुभा मिळाली, बसले ८१३. मग भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाने खरी उलथापालथ केली. अणूच्या स्थिरतेविषयीच्या त्या विधानाला एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर निघत होतं, नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरं, आणि परीक्षा संस्थेने दोन्ही बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः उत्तर ठरवलं नाही. आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांकडे प्रश्न पाठवला, त्यांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं कळवलं, आणि २६ जुलैला सुधारित निकाल लागला तेव्हा पैकीच्या पैकी गुणांचे विद्यार्थी १७ उरले. जुन्या पुस्तकावरून पाठ केलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. फेरविचार मागणाऱ्याच्याच बाजूने होतो, अशी एक भाबडी समजूत असते. त्या जुलैत ट्यूशन एरियातल्या कित्येक खोल्यांत ती मोडली.

शेतीच्या कारभारात फेरविचार मागावा लागत नाही, तो वेळापत्रकातच बसवलेला आहे. खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक किती हाती येईल याचा सरकारी अंदाज, आधी नजर अंदाजाने सप्टेंबरअखेर निघते, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाच्या सवलती अवलंबून असतात. पहिला आकडा शिवार हिरवं दिसत असताना डोळ्यांनी काढलेला असतो, पुढचे पीक कापणी प्रयोगांनंतरचे. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस झाला, शेंगांना कोंब फुटले, म्हणजे तीन आकड्यांमधला फरक समजतो. गावकरी तिन्ही वेळा तक्रार करतात ती गोष्ट वेगळी, आणि बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं खरं असतं.

या भागातला सगळ्यांत मोठा फेरविचार मात्र कुणी अर्ज करून झाला नाही. दख्खनचं पठार म्हणजे कोट्यवधी वर्षांचा थंड, स्थिर खडक. इथे मोठा भूकंप होत नाही, ही समजूत भूगोलाच्या पुस्तकात होती, तशी सरकारी नकाशातही होती. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेला हादरा बसला तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. १९७० साली भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला आणि कोयना परिसर वरच्या श्रेणीत गेला. पण कोयनेचं कारण धरणाच्या जलाशयात शोधलं गेलं, त्यामुळे बाकीच्या पठाराविषयीची समजूत तशीच राहिली. त्या नकाशात लातूर सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणीत होतं.

औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात १९९२च्या ऑक्टोबरमध्ये धक्के जाणवले होते. गावात घबराट होती. म्हणजे नवीन बाब समोर आली होती, पण नकाशा जागचा हलला नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची रात्र, माणसं गाढ झोपेत. तीव्रता ६.२ च्या आसपास, जगाच्या हिशेबात मध्यम. मेलेल्यांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गार राहणारं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, प्रतिष्ठेचं घर. दरवर्षी गळतीसाठी वर मातीचा आणखी एक थर पडायचा आणि छत जड होत जायचं.

त्यानंतर तीन वेगवेगळे फेरविचार तीन वेगवेगळ्या वेगांनी झाले. शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल भोक पाडून तीनशेहून अधिक मीटर काळ्या पाषाणाखालचा जुना खडक गाठला आणि स्थिर म्हटलेल्या भूखंडातही भेगा सरकतात, हे मान्य झालं. घरबांधणीतला बदल त्याहून लवकर आला: जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणखी सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटी झाली. गवंड्यांना शिकवलं गेलं ते साधंच होतं: माळवदावरची माती कमी करा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधून मधून घाला, चारही भिंती वरून एका पट्ट्याने बांधून टाका. सगळ्यांत मागे राहिला तो कागद. भारतीय मानक ब्यूरोची सुधारित संहिता २००२ साली आली, म्हणजे भूकंपानंतर नऊ वर्षांनी. तिने पहिली श्रेणीच काढून टाकली. देशात 'धोका जवळजवळ नाही' असा प्रदेश नकाशावर उरला नाही आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्या श्रेणीत गेला.

संहितेत श्रेणी बदलली म्हणून आधीच बांधलेली भिंत बदलत नाही. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, धक्के नांदेडपर्यंत जाणवले, लोक घराबाहेर आले. त्याच वर्षी १० जुलैला तेवढाच दुसरा धक्का बसला. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने गावांना केलेलं आवाहन संहितेपेक्षा थेट होतं: वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड खाली उतरवा.